कॉलेजचं नाव सांगायची रीत

माझ्या भाचीला यंदा आयआयटी मुंबईत जागा मिळाली. पेढे, फोन, शेजारपाजार असा सगळा गोंधळ उरकल्यावर रात्री ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “आत्या, आता कुणी कॉलेज विचारलं तर काय सांगायचं?”

“काय म्हणजे? नाव सांगायचं.”

“तसं नाही गं. सांगितलं की लोक कसं तरीच बघतात. तू कशी सांगतेस?”

पोरीचा प्रश्न बरोबर होता. मी २००३ साली तिथंच गेले, मेटलर्जीला, म्हणजे धातुशास्त्राला. तेव्हा देशात सात आयआयटी होत्या, आता तेवीस आहेत. चार वर्षं हॉस्टेल दहामध्ये काढली आणि त्यानंतरची दहा-बारा वर्षं हे नाव चारचौघांत कसं घ्यायचं ते शिकण्यात घालवली. लाजून सांगून झालं, लपवून झालं, एकदा तर हत्यारासारखं उगारूनही झालं. त्या रात्री तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते आहे. तुमचं कॉलेज दुसरं असेल, पण नाव ऐकल्यावर समोरच्याच्या भुवया वर जात असतील तर यातलं बरंचसं तुम्हालाही लागू पडेल.

सगळ्यात आधी ‘पवईला’ म्हणणं सोडा.

आम्ही सगळ्यांनी हे केलंय. कुणी विचारलं, “शिक्षण कुठं झालं?” की म्हणायचं, “मुंबईला.” मुंबईत कुठं? “पवईला.” पवईला कुठलं कॉलेज आहे बाई? आणि मग, मान खाली घालून, “आयआयटी.” आपल्याला वाटतं आपण किती विनम्र! प्रत्यक्षात आपण पहिली घंटा दिली, दुसरी दिली, तिसरी देऊन झाल्यावर पडदा वर केला. साधी एका ओळीची माहिती होती, तिचा नाट्यप्रवेश झाला. शिवाय समोरच्याला कळतं की हिनं मुद्दाम लपवलं होतं, म्हणजे ऐकून मी दिपून जाईन असं हिनं धरूनच चाललं होतं. हार्वर्डची माणसं ‘बोस्टनला शिकलो’ म्हणतात, हा अमेरिकेत जुना विनोद आहे. विद्यापीठ खरं तर नदीपलीकडे, केंब्रिजमध्ये. आपली पवई त्याच जातीची.

तेव्हा पहिल्याच प्रश्नाला पूर्ण उत्तर द्या. “आयआयटी मुंबई, मेटलर्जी.” पिनकोड सांगताना जो आवाज असतो त्या आवाजात. आवाज खाली नेऊ नका, वर तर नाहीच नाही. आणि मुख्य म्हणजे शेपूट जोडू नका. ‘नशिबानं मिळालं हो’, ‘तसं काही विशेष नसतं तिथं’, ही ती शेपटं. एकदा दातांच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईंना मी हेच म्हणाले, की तसं काही विशेष नाही. त्यांचा मुलगा दोन वर्षं घरी बसून त्याच परीक्षेचा अभ्यास करत होता आणि दोन्ही वेळा त्याचं हुकलं होतं, हे त्यांनी पुढच्या वाक्यात सांगितलं. ज्याच्यासाठी त्या घरानं दोन वर्षं टीव्ही लावला नव्हता ते ‘काही विशेष नाही’ होतं. बाईंचा नंबर लागेपर्यंत मी समोरच्या दातांच्या तक्त्याकडे बघत बसले.

खरी अडचण नावात नसतेच, नावानंतर जी शांतता पडते तिच्यात असते. समोरचा माणूस बोलायचा थांबतो. ‘हिला सगळं माहीतच असणार’ असं त्याला वाटतं, किंवा ‘आता आपण काय बोलणार’ असं वाटतं. त्याला पुन्हा बोलतं करणं हे तुमचं काम आहे, त्याचं नाही. म्हणून दुसरं वाक्य तयार ठेवा, आणि ते प्रश्न असू द्या. प्रश्नही असा, की ज्याचं उत्तर त्याला येतं आणि तुम्हाला खरोखर येत नाही.

हे मला कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत कळलं, आणि फुकट नाही कळलं.

२००७ साली तिथल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, मी क्वालिटीला लागले. शॉपफ्लोअरवर बाई म्हणून मी एकटी. सुपरवायझरला काही विचारलं की तो माझ्याबरोबरच्या ट्रेनी मुलाकडे बघून उत्तर द्यायचा. तिसऱ्या आठवड्यात माझं डोकं फिरलं आणि भट्टीसमोर, सगळ्यांदेखत मी मोठ्यानं म्हणाले, “मी आयआयटी मुंबईची मेटलर्जिस्ट आहे. मी सांगते तो लॉट बाजूला ठेवा.” लॉट बाजूला ठेवला गेला. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक बोलण्यावर ‘हो मॅडम’ यायला लागलं. मला वाटलं, जिंकले.

मग पावसाळा आला. पंपाच्या बॉडीचं कास्टिंग मशीनिंगला गेलं की आत ब्लोहोल (पोकळ्या) निघायला लागले. एक नाही, दोन नाही, टोपल्याच्या टोपल्या रिजेक्ट. मी कार्बन तपासला, सिलिकॉन तपासला, ओतायचं तापमान तपासलं, रात्री घरी पुस्तकं काढून बसले. धातू निर्दोष होता. चौथ्या दिवशी एक म्हातारा मोल्डर होता, त्याच्याजवळ जाऊन मी नुसतीच उभी राहिले. त्यानं साच्याची मूठभर वाळू उचलली, मुठीत आवळली, मूठ उघडली आणि तळवा माझ्यापुढे धरला. वाळूचा गोळा झाला होता, बोटांचे ठसे त्यावर उमटले होते, पण तळव्यालाही ओली वाळू चिकटून राहिली होती.

“वली हाय वाळू. हाताला चिकटती बघा.”

ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या या वाळूत, पाणी लागतं, पण तीन-चार टक्के. त्याहून जास्त झालं की तापलेला रस आत पडताच वाफ होते, ती धातूत अडकते आणि पोकळ्या राहतात. पावसाळ्यात नवी वाळू मुळातच दमट येते, तरी मिक्सरवरचा पोरगा उन्हाळ्याइतकंच पाणी घालत होता. हे त्या म्हाताऱ्याला पहिल्या दिवशी दिसलं होतं.

“मग मामा, आधी का नाही सांगितलंत?”

“तुमास्नी म्हाईतच आसंल म्हटलं. आयायटीच्या न्हवं का तुमी.”

टोमणा नव्हता तो. त्याला खरंच तसं वाटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी आधी त्याच्याकडे जायचे आणि विचारायचे, “मामा, आज वाळू कशी आहे?” महिनाभरात बाकीचेही आपणहून सांगायला लागले.

याचा अर्थ नाव कधी उगारूच नये असा नाही. बाईमाणसाला तर कधीकधी उगारावं लागतं. कुणी तुमच्याकडे बघायलाच तयार नसेल तर सांगा, खुशाल सांगा. पण दार उघडण्यापुरतंच. उघडल्यावर लगेच विचारायला लागा, नाहीतर आत जाऊनही तुमच्याशी कुणी बोलणार नाही.

आता आयटीआय.

हे होणारच, ग्रामीण भागात तर दर लग्नात होतं. मी पहिल्या वर्षाच्या सुट्टीत गावी गेले होते. एक लांबची काकू कौतुकानं म्हणाली, “आमच्या धाकट्यानं बी आयटीआयच केलंय की!” मी एकोणीस वर्षांची, शहाणपणानं भरलेली. तिथल्या तिथं फरक समजावून दिला. काकूनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंजी त्याच्यापेक्षा मोठं हाय व्हय?” धाकटा पाण्याचा जग घेऊन मागंच उभा होता. त्याला फरक माझ्याआधीपासून माहीत होता. तो काही बोलला नाही, माझ्या ग्लासात पाणी ओतलं आणि पुढच्या पंगतीकडे गेला.

अर्ज भरताना किंवा नोकरीच्या मुलाखतीत जरूर दुरुस्त करा. लग्नाच्या मांडवात करू नका. विचारा, “कुठला ट्रेड? फिटर की टर्नर?” तो टर्नर होता, आणि आज लेथवर त्याचा हात असा बसलाय की माझ्या फाउंड्रीच्या दिवसांत तो असता तर मी त्याला पळवून नेला असता.

नातेवाइकांकडून येणारा दुसरा प्रकार म्हणजे मोफत सल्ला केंद्र. वायफाय बंद, तू बघ. गिझर ठिणग्या टाकतो, तू बघ. बिलाची बेरीज चुकली की सगळे एकदम, “आयआयटीची ना तू?” याला हसावं आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढावा, दुसरा उपाय नाही. माझी मेटलर्जी असल्यामुळे मला जादा काम मिळतं. माझ्या मावससासूबाई दर दिवाळीला पाटल्या काढून माझ्या हातात देतात आणि म्हणतात, “बघ गं, बावीस कॅरेट आहे का.” नुसत्या डोळ्यांनी कुणालाच कळत नाही, पण हे पहिल्या वर्षी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा एवढासा झाला. आता मी चष्मा लावते, पाटली उलटी करून ९१६ चा शिक्का शोधते आणि सांगते, “शंभरात एक्याण्णव पॉइंट सहा भाग सोनं. बरोबर आहे.” त्या समाधानानं पाटल्या परत डब्यात ठेवतात. शिक्का त्यांनाही वाचता येतो.

लग्नाच्या बाजारात मात्र मी कुणाला शहाणपण शिकवण्याच्या लायकीची नाही, फक्त झालेलं सांगते. माझ्या आईनं बायोडेटात लिहिलं होतं, ‘बी.ई., मुंबई’. मी भांडले, की माझी पदवी बी.टेक. आहे. ती म्हणाली, “खरं लिहिलं की स्थळं येत नाहीत. मुलाहून मुलगी जास्त शिकलेली कुणाला चालते?” त्या एका ओळीवर आमचं आठवडाभर बोलणं बंद होतं. मग २००९ च्या मे महिन्यात पुण्याचं एक स्थळ घरी आलं. पोहे फिरले, मुलाचे मामा खोबरं-कोथिंबीर बाजूला सारता सारता म्हणाले, “मुंबईत कुठं? व्हीजेटीआय का?” आई चहाच्या ट्रेकडे बघायला लागली. मी म्हटलं, “पवईला.” (तेव्हा मला अक्कल आलेली नव्हती.) मामांचा चमचा बशीत थांबला. “पवईला म्हणजे... आयआयटी?” मुलगा, जो इतका वेळ माझ्याकडे बरा बघत होता, तो पंख्याकडे बघायला लागला. त्याच्या आईनं विचारलं, “मग लग्नानंतर नोकरी करायची आहे का?” चार दिवसांनी निरोप आला: मुलीचं शिक्षण जास्त आहे, शिवाय बायोडेटात खरं लिहिलं नव्हतं. यातल्या दुसऱ्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतर बायोडेटा बदलला. स्थळं खरंच कमी झाली, आईचं त्या बाबतीत बरोबर होतं. पण जी आली ती वाचून आली. त्यातल्या एकानं पोहे खाता खाता पहिला प्रश्न विचारला, “तुमच्या कॅम्पसमध्ये बिबट्या येतो म्हणे?” येतो, शेजारी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. मी सांगितलं, चार वर्षांत शेपूटसुद्धा दिसलं नाही, गायी मात्र पुष्कळ पाहिल्या. त्याच्याशीच लग्न केलं. तेव्हा मुलींनो, बायोडेटात पूर्ण लिहा. गाळणी म्हणून त्याचा उपयोग होतो.

आता जरा अवघड गोष्ट. नाव सांगितल्यावर पुष्कळदा पुढचा प्रश्न येतो, “रँक किती?” विचारणाऱ्याला बहुतेक वेळा नुसती उत्सुकता असते. पण माझ्या वर्गातल्या एका मित्रानं कॉलेजचं नाव सांगणंच सोडून दिलं होतं, आणि ते काही विनयानं नव्हे. “नाव सांगितलं की रँक विचारतात, रँक सांगितली की कॅटेगरी विचारतात, आणि मग पुढचं बोलणं बदलतं,” असं तो म्हणायचा. तोपर्यंत मला हा प्रश्न साधा वाटायचा, कारण मला तो कधी टोचलाच नव्हता. आता मुलींनाही त्याची चव कळायला लागली आहे. २०१८ पासून आयआयटींनी मुलींचं प्रमाण वाढावं म्हणून जादा जागा निर्माण केल्या. कुणाचीही जागा काढून घेतलेली नाही, वरच्या वाढीव जागा आहेत त्या. तरी भाचीला निकालाच्या दिवशीच सोसायटीतल्या एका काकांनी विचारलं, “मुलींच्या कोट्यातून का?”

याचं उत्तर काय द्यायचं हे मी तिला घोकून घेतलं आहे: “प्रवेश मिळाला काका. तुमच्याकडे पेढे पोचले ना?” एवढंच. आकडा नाही, खुलासा नाही, रागही नाही. आकडा चांगला असेल तर मुळीच सांगायचा नाही. कारण तुम्ही तो सांगितलात की शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याला सांगणं भाग पडतं. आणि तुम्ही स्वतः कुणालाही रँक विचारू नका, कधीही.

काही किरकोळ गोष्टी. ऑफिसात ‘आमच्या इन्स्टीत’नं वाक्य सुरू करू नका. पहिल्यांदा लोक ऐकतात, दुसऱ्यांदा एकमेकांकडे बघतात. कॉलेजचा टीशर्ट घरी घाला, मऊ झालेला असतो, झोपायला उत्तम. गाडीच्या मागच्या काचेवर स्टिकर लावला असेल तर निदान लेन तरी पाळा. जेईईवाल्या मुलाच्या आईवडिलांनी त्याला तुमच्यापुढे आणून बसवलं तर ‘मी रोज किती तास अभ्यास करायचे’ ते सांगू नका. त्याला रात्री किती वाजता झोपायला मिळतं ते विचारा, आणि उत्तर त्याच्या आईवडिलांसमोर येऊ द्या.

आणि दोन आयआयटीवाले एका टेबलावर भेटले तर घात होतो. कुठलं हॉस्टेल, कुठली बॅच, टमटम चालू आहे का अजून, मूडआयला कोण आलं होतं, असं सुरू झालं की तिसरा माणूस खुर्चीसकट भिंतीत जातो. मी एकदा पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये वीस मिनिटं हे केलं. तिसरी बाई सीओईपीची, म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची होती. ते कॉलेज १८५४ चं, आमचं १९५८ चं. आम्हाला दम लागल्यावर तिनं ताकाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, “झालं का? तुमच्या कॉलेजचा पाया खणायच्या शंभर वर्षं आधी आमच्याकडे पोरं नापास होत होती.” तेव्हापासून आम्ही दोघी रोज बरोबर जेवतो. तर हॉस्टेलचा नंबर विचारा, एकच प्रश्न, आणि विषय बदला. बाकीचं फोनवर.

एक गोष्ट मात्र भाचीला मी दोनदा सांगितली. तिचा बाप, म्हणजे माझा भाऊ, हे नाव जिथं तिथं सांगणार आहे. दूधवाल्याला, बँकेत, पेट्रोल पंपावर. तिनं त्याला अडवायचं नाही.

आमचे आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. मला निरोप द्यायला कोल्हापूरच्या सीबीएसवर आले की एसटीच्या कंडक्टरला खिडकीतून सांगायचे, “पोरीला नीट उतरवा हो, आयआयटीला असते.” दुसऱ्या वर्षी भरल्या गाडीत मी त्यांच्यावर खेकसले, “आप्पा, बास करा ना!” त्यांनी बास केलं. पुढची सगळी वर्षं कुणी विचारलं, “मुलगी काय करते?” की ते आधी माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, “शिकते मुंबईला.” मी नसताना काय म्हणायचे ते मला त्यांच्या दहाव्याला आलेल्या लोकांकडून कळलं.

परवा भाची महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गेली, भाऊ बरोबर होता. सकाळी दादरला उतरल्यावर तिचा फोन आला.

“आत्या, विचारलं एकानं. म्हणजे एका आजींनी. मिरजेला चढल्या.”

“मग?”

“नाव सांगितलं. पवई-बिवई काही नाही. त्या गप्पच झाल्या गं एकदम.”

“मग तू?”

“त्यांच्या मांडीवर भडंगाचा डबा होता. म्हटलं, घरचं आहे का?”

“आणि?”

“कराड गेलं तरी लसूण किती परतायचा तेच चाललं होतं. बाबा झोपून गेले. डबा माझ्याकडेच आहे, हॉस्टेलचा पत्ता घेतलाय त्यांनी, रिकामा परत पाठवायचा नाही म्हणाल्या.”